फोन करून बोलावलं, दिवसभर बसवलं, कागद काहीच नाही: हे कायद्यात बसतं का?

डिचोलीच्या बाजूच्या एका तरुणाने विचारलंय, ते थोडक्यात असं. ग्रामसभेत रस्त्याच्या कामावरून बाचाबाची झाली, कुणीतरी तक्रार दिली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या चुलतभावाला पोलिसांचा फोन आला, "मात्सो स्टेशनार येवन वच, सायबान आपयलां" (जरा स्टेशनवर येऊन जा, साहेबांनी बोलावलंय). तो सकाळी गेला. मोबाईल काढून घेतला, बाकावर बसवलं, दुपारी कुणीतरी येऊन दोन-चार प्रश्न विचारले आणि संध्याकाळी "जा आता, परत बोलावलं तर ये" म्हणून सोडून दिलं. नोटीस नाही, सही नाही, कसलाच कागद नाही. तर हे कायद्यात बसतं का? आणि घरातले काका म्हणतात की काही केलं नसेल तर घाबरायचं कशाला, गुन्हेगारांना असे हक्क देत बसलो तर पोलिसांनी काम करायचं कसं.

मी पणजी, म्हापसा, डिचोली इथल्या कोर्टांत बरीच वर्षं फौजदारी कामं करतोय. काकांचा प्रश्न मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतंच, आणि प्रामाणिकपणे विचारतात, त्यामुळे तोही टाळणार नाही. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी सरळ उत्तर. नाही बसत. पोलीस माणसाला स्टेशनवर बोलावू शकतात, पण त्याचे ठरलेले रस्ते आहेत. तुम्ही साक्षीदार असाल, म्हणजे तुम्हाला काहीतरी माहीत असेल असं वाटत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खाली लेखी बोलावणं. (ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता, म्हणजे सीआरपीसी, गेली, पण पोलीस आणि आम्ही वकील अजून जुनेच नंबर बोलतो.) तुमच्यावरच संशय असेल पण अटक करायची गरज नसेल तर कलम ३५(३) ची लेखी नोटीस, जुनं ४१ए. आणि अटकच करायची असेल तर अटक, तिचा मेमो, तिची कारणं, घरच्यांना कळवणं, २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेट. या तिन्हीत न बसणारं, नुसतं "चौकशीला बसवून ठेवणं" असं काही संहितेत मला तरी अजून सापडलेलं नाही आणि कुठल्या सरकारी वकिलानेही कोर्टात दाखवलेलं नाही. माणसाला उठून जाता येत नसेल, फोन काढून घेतलेला असेल, तर ती अटकच. मुंबई हायकोर्टाने १९९० मध्येच अशक हुसेन अल्लाह देठा या केसमध्ये सांगून ठेवलंय की अधिकारी कागदावर जी वेळ लिहितो तेव्हा अटक सुरू होत नाही, माणसाच्या हालचालीवर बंधन आलं की तिथपासून अटक सुरू. गोवा मुंबई हायकोर्टाच्याच अखत्यारीत येतो, त्यामुळे हा निकाल इथे नुसता वाचायला म्हणून नाही, तो लागू आहे.

फोनवर बोलावणं किंवा व्हॉट्सअॅपवर नोटीस टाकणं याबद्दलही लोक विचारतात. सुप्रीम कोर्टाने सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलंय की ३५(३) ची नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवून चालणार नाही, ती रीतसर बजावायची. कारण सोपं आहे, ती नोटीस मिळूनही तुम्ही गेला नाहीत तर त्यावरून तुम्हाला अटक होऊ शकते. ज्या कागदावर माणसाचं बाहेर राहणं अवलंबून आहे तो निळ्या टिकवर सोडता येत नाही.

१९९४ ची एक केस आहे, जोगिंदर कुमार. गाझियाबादेत एका तरुण वकिलाला, हो वकिलालाच, चौकशीसाठी म्हणून पोलिसांनी बोलावलं आणि पाच दिवस ठेवून घेतलं. घरचे या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरत राहिले. त्या निकालात कोर्टाने जे म्हटलं ते आजही प्रत्येक जामीन अर्जात आम्ही कुठे ना कुठे घालतो: अटक करायचा अधिकार असणं वेगळं आणि या माणसाला, आत्ता, अटक करायची गरज होती हे दाखवणं वेगळं. अधिकार आहे म्हणून वापरला, हे उत्तर पुरत नाही.

आता मला जे मुख्य सांगायचंय त्यावर येतो. कायद्याचं राज्य म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे संविधानाची प्रत, सुप्रीम कोर्टाचा घुमट वगैरे येतं. माझ्या अनुभवात ते फार साध्या गोष्टीवर उभं असतं. सरकारला तुमच्या अंगाला, घराला, तोंडाला हात लावायचा असेल तर त्याने कारण सांगायला हवं, ते लेखी सांगायला हवं, आणि ते कारण सरकारचा नसलेल्या कुणीतरी तपासायला हवं. बस. यातलं एक निसटलं की बाकीचे हक्क कागदावर राहतात. आणि निसटतं ते कुठल्या काळ्या कायद्याने कमी, रोजच्या तोंडी कारभाराने जास्त. "सायबान सांगलां", "वरून ऑर्डर आहे", "तुम्ही आता जा, मग बघू". तोंडी आदेशाला तारीख नसते, सही नसते, त्यावर अपील करता येत नाही, आणि उद्या तो दिलाच नव्हता म्हणता येतं. चुलतभावाच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

गोव्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला लागू नये खरं तर. आपल्याकडे पोर्तुगीजांच्या वेळी कायदा नव्हता असं नाही. कायद्याची पुस्तकं जाडजूड होती, कोर्टं होती, न्यायाधीश होते, १८६७ चा सिव्हिल कोड तर आपण अजून वापरतो. पण साधी जाहीर सभा घ्यायची तर परवानगी, छापायचं तर सेन्सॉर. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. लोहिया उभे राहिले ते या सभाबंदीविरुद्धच, आपण क्रांतिदिन साजरा करतो तो त्याचा. गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना त्याच वर्षी पकडून लष्करी कोर्टापुढे उभं केलं आणि पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात नेऊन ठेवलं. आणि १९५४ चं म्हापशातलं ते जेवण. एका वक्त्याने भाषणात गोवा म्हणजे पोर्तुगालच असं म्हटलं, त्यावर सर्जन डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी एवढंच म्हटलं की मी निषेध करतो. त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला नेलं. मी म्हापशाच्या कोर्टात जातो तेव्हा हे अनेकदा मनात येतं, की याच गावात एका सर्जनला जेवणाच्या टेबलावरच्या एका वाक्यासाठी उचललं होतं आणि ते सगळं त्यांच्या कायद्याप्रमाणेच होतं. कायदा होता, कायद्याचं राज्य नव्हतं, कारण कशासाठी पकडलं हे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारला विचारू शकेल असं कोणी गोव्यात नव्हतं.

स्वतंत्र भारतातही हे एकदा झालंय. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ ला, एडीएम जबलपूर खटल्यात सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला की संविधानातलं कलम २१ (जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क) स्थगित असताना अटक बेकायदा आहे म्हणूनही नागरिकाला कोर्टात येता येणार नाही. न्या. एच. आर. खन्ना एकटे विरोधात होते, त्यांनी सुनावणीत सरकारच्या वकिलांना विचारलं की पोलिसाने उद्या कुणाचा जीवच घेतला तरी दाद मागता येणार नाही का, आणि उत्तर मिळालं की आणीबाणी आहे तोवर नाही. खन्नांचं सरन्यायाधीशपद त्यानंतर गेलं. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असं केलं, आणि तो निकाल सुप्रीम कोर्टाने उघडपणे मोडीत काढला तो थेट २०१७ मध्ये, पुट्टास्वामी खटल्यात. ४१ वर्षं लागली.

पण मला खरं बोलायचंय ते मॅजिस्ट्रेटसमोरच्या पहिल्या दहा मिनिटांबद्दल, कारण सामान्य माणसाचं स्वातंत्र्य टिकतं किंवा जातं ते तिथे, घटनापीठापुढे नाही. रिमांड म्हणजे काय ते बघितलं नसेल तर सांगतो. पोलीस माणसाला घेऊन येतात, बरोबर इंग्रजीत टाइप केलेला अर्ज असतो, त्यात बहुतेक वेळा तीच तीन वाक्यं: कसून चौकशी करायची आहे, साथीदार शोधायचे आहेत, मुद्देमाल जप्त करायचा आहे. सुट्टीचा दिवस असेल तर मॅजिस्ट्रेटच्या घरी. आरोपी मागे उभा असतो, रात्रभर झोपलेला नसतो, त्याला आपल्याबद्दल काय बोलतायत ते कळत नसतं. सरकारी वकील बोलतो, मॅजिस्ट्रेट लिहितो, माणूस पाच दिवसांच्या पोलीस कस्टडीत जातो.

एक केस सांगतो, नावगाव सोडून. दोडामार्गच्या बाजूचा एक पोरगा, किनारपट्टीवरच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला. चोरीच्या संशयावरून पोलिसांनी उचलला. अटकेच्या मेमोवर वेळ संध्याकाळी पावणेआठची. दुसऱ्या दिवशी दुपारी उशिरा कोर्टात आणला, म्हणजे कागदाप्रमाणे २४ तासांत बरोबर बसतं. मॅजिस्ट्रेट बाई अर्ज वाचता वाचता थांबल्या आणि त्यांनी पोराला मराठीत विचारलं, "तुला कधी आणलं रे?" तो म्हणाला, "काल सकाळी, चहाच्या अगोदर." तपास अधिकारी लगेच म्हणाला की मॅडम खोटं बोलतोय. बाईंनी स्टेशन डायरी मागवली, आम्ही हॉटेलच्या गेटवरच्या कॅमेऱ्याचं फुटेज द्यायची तयारी दाखवली, त्यात सकाळी सव्वासहाला जीप आलेली दिसत होती. शिवाय अटकेची कारणं म्हणून त्याच्या हातात दिलेला कागद इंग्रजीत, आणि पोरगा सातवी पास, मराठी शाळेतला. खाली त्याची सही होती. विचारलं कशावर सही केलीस, तर म्हणे जेवण मिळाल्याची असेल. कस्टडी नाकारली, त्याच दिवशी जामीन झाला. पुढे त्या चोरीत तो नव्हताच हे निघालं पण ते महत्त्वाचं नाही, तो असता तरी त्या दिवशीचा आदेश तोच बरोबर होता. मराठीतल्या त्या एका प्रश्नाने जे झालं ते माझ्या लेखी युक्तिवादाने झालं नसतं.

अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि माणसाला कळेल त्या भाषेत द्यायची, हे आता पक्कं झालंय. संविधानाच्या कलम २२(१) मध्ये कारणं सांगायची तर पहिल्यापासून आहेत, पण सांगितली की नाही यावरच वाद व्हायचा. २०२३ मध्ये पंकज बन्सल निकालात ईडीच्या अटकांसाठी लेखी पाहिजे झालं, २०२४ मध्ये प्रबीर पुरकायस्थ निकालात यूएपीए, म्हणजे बेकायदा कारवायांविरुद्धच्या कायद्यासाठी, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर राजेश शाह निकालात सगळ्याच गुन्ह्यांसाठी, आरोपीला समजणाऱ्या भाषेत, आणि ताबडतोब देणं शक्यच नसेल तरी मॅजिस्ट्रेटसमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी. गोव्यात याचा अर्थ मोठा आहे. इथे पोलीस कागद इंग्रजीत करतात, पकडला जाणारा माणूस मराठी, कोंकणी, कन्नड, हिंदी, ओडिया काहीही बोलणारा. मराठी वाचणाऱ्याला कारणं मराठीत मागायचा हक्क आहे, मागा. इंग्रजी कागदावर "वाचून समजलं" असं लिहून सही करू नका, करावीच लागली तर सहीखाली आपल्या अक्षरात मराठीत लिहा की मला इंग्रजी येत नाही, मला वाचून दाखवलेलं नाही, आणि वेळ घाला. त्या दोन ओळींवर पुढे सगळं उभं राहू शकतं.

आता काका. "पोलिसांचे हात बांधले की गुन्हेगार सुटतात." मी म्हणतो, काका, म्हापशाला येऊन ड्रग्जच्या केसेस ऐका एकदा. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा, देशातल्या सगळ्यात कडक कायद्यांपैकी. गांजा २० किलो किंवा चरस एक किलोच्या वर म्हणजे व्यावसायिक प्रमाण, किमान दहा वर्षं, जामीन मिळणं जवळजवळ अशक्य, आरोपपत्राला पोलिसांना ६० किंवा ९० ऐवजी १८० दिवस. एवढ्या कडक कायद्यात संसदेनेच कलम ५० ठेवलंय, की अंगझडती घ्यायच्या आधी माणसाला सांगा की तुला हवं असेल तर झडती राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर होईल. २०१० मध्ये विजयसिंह जडेजा केसमध्ये पाच न्यायाधीशांनी सांगितलं की हे नुसतं उरकून चालणार नाही, हा हक्क त्याला स्पष्ट सांगायलाच हवा. तरीही केसेस पडतात. कशाने पडतात? पंच तोच, जो याआधीच्या तीन पंचनाम्यांत होता. माल सील केला त्या सीलचा ठसा लॅबला गेलेल्या पत्रावर नाही. पंचनामा सुरू झाला रात्री अकराला आणि त्याच पंचाची बाईक सव्वाअकराला दुसऱ्या टोकाच्या पेट्रोल पंपावर. आरोपी सुटतो, लोक म्हणतात वकिलाने सोडवला, कोर्टाने सोडवला. अहो, पळवाट पंचनाम्यातच ठेवलेली होती. जो अधिकारी ती दहा मिनिटं थांबून रीतसर विचारतो, दोन नवे पंच आणतो, व्हिडिओ नीट करतो, त्याच्या केसला हात लावायला आम्हालाच जागा राहत नाही. नव्या संहितेच्या कलम १०५ ने तर झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करायलाच लावलंय, आणि माझ्या ओळखीचे चांगले अधिकारी म्हणतात बरं झालं, आता आमच्यावर खोटे आरोप होणार नाहीत.

पोलिसांचीही बाजू आहे आणि ती मी मनापासून मांडतो. एका इन्स्पेक्टरला जत्रेचा बंदोबस्त, व्हीआयपी, किनाऱ्यावरची भांडणं आणि तपास सगळं एकाच दिवशी. वर राजकारणी फोन करतात की अमक्याला जरा दम द्या. तो अमका म्हणजे बहुतेक वेळा ग्रामसभेत प्रश्न विचारणाराच असतो. आता विचार करा, लेखी नोटीस काढायची सक्ती खरोखर पाळली तर याचा फायदा कुणाला? त्या अधिकाऱ्यालाच. तो फोनवरच्या माणसाला सांगू शकतो, साहेब, नोटीस काढायची तर कारण लिहावं लागेल, काय लिहू?

दुसरी गोष्ट काकांना विचारायची ती ही, की गुन्हेगार कोण हे ठरवतं कोण? आपल्याकडे ठरवायची घाई फार. भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार, त्याला "भायलो" (बाहेरचा) म्हणतात, "घाटी" म्हणतात, चोरी झाली की पहिल्यांदा त्याची खोली उघडतात. आफ्रिकन माणूस दिसला की ड्रग्ज. संविधानातलं कलम १९, म्हणजे बोलणं, जमणं, फिरणं, हे नागरिकांसाठी आहे हे खरं, पण कलम १४, २१ आणि २२ मध्ये शब्द "व्यक्ती" आहे. व्हिसा संपलेला परदेशी माणूसही २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर यायला हवा. त्याला परत पाठवा, कायद्याने पाठवा, पण मारता येणार नाही आणि डांबून ठेवता येणार नाही.

आणि ज्यांचे विचार आपल्याला पटत नाहीत त्यांच्याबद्दल. श्रीराम सेनेचे प्रमोद मुतालिक यांना २०१४ पासून गोव्यात प्रवेशबंदी केली, ती जुन्या सीआरपीसीच्या कलम १४४, म्हणजे जमावबंदीच्या कलमाखाली. हे कलम मुळात तातडीच्या, दोन महिन्यांच्या आदेशांसाठी. ती बंदी संपली की परत, परत संपली की परत अशी पुढे नेत राहिले, आणि सुप्रीम कोर्टानेही २०१५ मध्ये त्यांची याचिका फेटाळली. पबमधल्या मुलींना मारहाण करणाऱ्या राजकारणाशी माझं काडीचं जमत नाही आणि गोव्यात ते नकोच असं मला वाटतं. तरीसुद्धा वकील म्हणून मला दोन महिन्यांचा आदेश वर्षानुवर्षं ताणणं पटत नाही. पाच वर्षांनी, १० जानेवारी २०२० ला, काश्मीरच्या इंटरनेटबंदीच्या अनुराधा भसीन निकालात त्याच कोर्टाने सांगितलं की १४४ चे आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर ठरतो, आदेशात कारणं हवीत, तो प्रसिद्ध व्हायला हवा, आणि लोकांची रास्त नाराजी दाबायला तो वापरता येणार नाही. नको असलेल्या माणसाविरुद्ध जी सवय सरकारला लागते ती तिथेच थांबत नाही. तेच कलम, आता नवा नंबर १६३, उद्या धरणं धरणाऱ्या पंचायतीच्या बायकांवर येतं.

येतंच. गोव्याचा इतिहास आंदोलनांचा आहे, रापणकारांपासून (पारंपरिक मच्छीमारांपासून) भाषेपर्यंत. केरीच्या नायलॉन ६,६ प्रकल्पाविरुद्ध फोंड्याकडचे लोक उठले तेव्हा पोलीस गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला, १९९५ मध्ये. जानेवारी २०२१ मध्ये सत्तरीत शेळ-मेळावलीला आयआयटीच्या जागेवरून गावकरी, त्यातही बायका पुढे, पोलिसांपुढे उभ्या राहिल्या, लाठ्या चालल्या, गुन्हे नोंदवले गेले आणि थोड्याच दिवसांत सरकारने प्रकल्प तिथून हलवायचं जाहीर केलं. म्हणजे लोकांचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. मग ते ऐकायची जागा आधी ग्रामसभा होती की नाही? सभेला किंवा धरण्याला परवानगी मागायला गेलं की "बघतो, सांगतो" म्हणतात, शेवटच्या रात्रीपर्यंत हो नाही आणि ना नाही. अर्ज लेखी करा, आवकचा शिक्का घ्या, नाकारायचं असेल तर लेखी नाकारा असं त्यातच लिहा. लेखी नकार मिळाला तर हायकोर्टात दुसऱ्या दिवशी उभं राहता येतं. "बघतो" घेऊन आम्ही कुठे जाणार?

कायद्याचं राज्य म्हणजे पोलिसांनी लांब राहणं असंही समजू नका. जून २०२४ मध्ये आसगावात जागेच्या वादात बाउन्सर आणि जेसीबी आणून राहत्या घराचा भाग पाडला, तेव्हा सगळ्या गोव्याने विचारलं ते हेच की पोलीस होते कुठे. ताबा हवा तर दिवाणी कोर्टात जायचं. सरकारलासुद्धा तेच, नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बुलडोझर प्रकरणात सांगितलं की पाडायच्या आधी लेखी नोटीस आणि किमान १५ दिवस, आणि आरोपी आहे म्हणून कुणाचं घर पाडता येणार नाही. रस्त्यावरच्या, सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाला ही सूट नाही, तेवढं लक्षात ठेवा नाहीतर उगाच आशेवर राहाल.

चुलतभावाने आता काय करायचं. आजच पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्यायचा की अमुक तारखेला, अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत मी स्टेशनवर होतो, त्या वेळचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा. परमवीर सिंग सैनी निकालात, डिसेंबर २०२० मध्ये, सुप्रीम कोर्टाने प्रत्येक पोलीस स्टेशनात दारापासून लॉकअपपर्यंत कॅमेरे आणि १८ महिन्यांचं रेकॉर्डिंग ठेवायला सांगितलंय. पण त्या १८ महिन्यांवर विसंबू नका, कॅमेरा बंद होता हे उत्तर आम्ही फार ऐकलंय, अर्ज लवकर गेला तर ते देणं अवघड होतं. माहितीच्या अधिकारात त्या दिवसाच्या स्टेशन डायरीतली नोंद मागा. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, मानवाधिकार आयोग आहे, तिथे तक्रार करता येते, पण पहिले दोन कागद हातात ठेवून जा. आणि पुढचा फोन आला तर नम्रपणे म्हणा, "साहेब, येतो, नोटीस द्या." आवाज चढवायचा नाही, हुज्जत घालायची नाही. बाई असेल, ६० च्या वरचा माणूस असेल किंवा १५ च्या आतलं मूल असेल तर साक्षीदार म्हणून त्यांना स्टेशनवर यायला लावताच येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. बाईला सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत अटक नाही, अपवाद फार थोडे आणि त्यालाही मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी. अटक झालीच तर चौकशीच्या वेळी वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ शेजारी बसवता येणार नाही पण भेटता येतं. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब तुमच्याविरुद्ध पुरावा होत नाही, आणि गप्प राहायचा हक्क संविधानाच्या कलम २०(३) ने दिलाय. डी. के. बसू निकालात अटक मेमो, साक्षीदाराची सही, घरच्यांना कळवणं, वैद्यकीय तपासणी हे सगळं आलंय. तो निकाल १९८६ साली एका माणसाने सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रातून सुरू झाला आणि १९९६ च्या डिसेंबरात लागला, आज त्यातलं बरंच संहितेत उतरलंय.

शेवटचं, जे कुणी विचारत नाही. जामीन मिळाला म्हणजे सुटला असं घरच्यांना वाटतं. कोलवाळच्या तुरुंगात अशी माणसं भेटतात ज्यांना जामीन मंजूर होऊन आठवडे झालेत. आदेशात असतं पंचवीस हजारांचा बाँड आणि तेवढ्याच रकमेचा स्थानिक जामीनदार. जो कामगार सहा महिन्यांपूर्वी गोव्यात आलाय त्याला स्थानिक जामीनदार कोण राहणार? मालक फोन उचलत नाही. कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीनदार देणारे फिरतात, त्यांच्या नादी लागू नका, खोटी कागदपत्रं निघाली तर नवी केस. ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने यावर नीट सूचना दिल्यात: जामीन मिळून सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने स्वतःहून अटी सैल करायचा विचार करायचा, स्थानिक जामीनदाराचा आग्रह हेच माणूस अडकून पडायचं मोठं कारण असतं हेही त्यांनी म्हटलंय. या सूचना आहेत पण तुरुंगातून प्राधिकरणाकडे, तिथून कोर्टाकडे कागद हलायला कुणीतरी मागे लागावं लागतं. तुमच्या ओळखीत, तुमच्या बांधकामावर, तुमच्या हॉटेलात असा कुणी असेल तर १५१०० ला फोन लावा, कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बायकांनाही मिळतो. अटी बदलायचा अर्ज एक-दीड पानाचा असतो, त्याबरोबर त्याच्या गावचा पत्ता आणि आधारची प्रत जोडा, आणि जामीनदाराऐवजी वैयक्तिक बाँड किंवा रोख रक्कम घ्या अशी विनंती करा. असे अर्ज बहुतेक वेळा मंजूर होतात, करणारा कोणी नसतो एवढंच.